प्रमोशनच्या मीटिंगमध्ये दार लावून बसणाऱ्या सगळ्यांना

नमस्कार,

हे पत्र कुठल्या एका कंपनीला नाहीये आणि कुठल्या एका साहेबांनाही नाहीये. वर्षातून एकदोनदा दार लावून, समोर स्क्रीनवर नावांची शीट उघडून, कोणाला वर घ्यायचं आणि कोणाला "अजून एक वर्ष बघू" म्हणायचं हे ठरवणारे जे पाच-सात लोक असतात त्यांच्यासाठी आहे. डिपार्टमेंट हेड, एचआर, सिनियर मॅनेजर, जे कोणी असाल ते. गेली दोन वर्षं मीही त्या खोलीत बसते, त्यामुळे पुढे जे काही लिहिणार आहे ते मलाही लागू आहे आणि ते मान्य करूनच लिहायला बसलेय.

गेल्या महिन्यात काय झालं ते आधी सांगते.

एका टीम लीडच्या जागेसाठी नावं चालली होती. पहिलं नाव एका मुलीचं. सलग तीन वर्षं टीममधलं सगळ्यात चांगलं रेटिंग, क्लायंटने स्वतःहून कौतुकाच्या मेल पाठवलेल्या, हाताखालची दोन नवीन मुलं तिनेच तयार केलेली. कोणीतरी म्हणालं, "काम उत्तमच आहे तिचं, त्यात वादच नाही, पण बाळ दीड वर्षाचं आहे आणि या रोलमध्ये फिरती आहे, आत्ता उगाच तिच्यावर लोड नको, पुढच्या वर्षी नक्की बघू." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग दुसरं नाव आलं, एका मुलाचं, रेटिंग तिच्यापेक्षा एक घर खाली. "थोडा कच्चा आहे अजून, पण पोटेन्शियल आहे त्याच्यात, जबाबदारी अंगावर पडली की शिकेल." झालं, त्याचं नाव फायनल. आता गंमत म्हणून नाही सांगत, मनाला लागलंय म्हणून सांगतेय, त्या मुलालाही मूल आहे, आठ महिन्यांचं, आणि त्या खोलीतल्या निम्म्या लोकांनी त्याचे फोटो बघून त्याला शुभेच्छा दिल्या होत्या. ते मूल त्या दिवशी कोणाच्याच डोक्यात आलं नाही. माझ्याही नाही. सगळं मिळून चार मिनिटं लागली असतील आणि त्या चार मिनिटांत मी एक शब्द बोलले नाही.

घरी आल्यावर आठवलं की हे वाक्य मी आधी ऐकलंय. माझ्याबद्दलच.

अकरा वर्षांपूर्वी मी बाळंतपणाच्या रजेवरून परत कामावर आले तेव्हा माझा मोठा क्लायंट दुसऱ्याकडे गेलेला होता. "तुला सेटल व्हायला जरा वेळ मिळावा म्हणून" असं सांगितलं होतं, खूप प्रेमाने सांगितलं होतं आणि मी थँक्यू म्हणाले होते. दोन वर्षांनी, ते साहेब कंपनी सोडताना, बोलता बोलता सहज बोलून गेले की त्या वर्षी एका मोठ्या रोलसाठी तुझं नाव आलं होतं, पण म्हटलं बाळ लहान आहे, तुला कशाला त्रास. मला तो रोल हवा होता हो. घरी आमचं सगळं बोलणं झालेलं होतं, नवऱ्याने त्याच्या शिफ्ट बदलून घ्यायची तयारी दाखवली होती, बाळाला कोण कधी बघणार याचा कागदच केला होता आम्ही. मला कोणी विचारलंच नाही. नाही म्हणायची संधीसुद्धा मिळाली नाही, कारण माझ्या वतीने दुसऱ्याच कोणीतरी आधीच नाही म्हणून टाकलं होतं.

मला या पत्रात मुख्य हेच सांगायचंय. बाईच्या करिअरमधले सगळ्यात महत्त्वाचे नकार ती देतच नाही. ते तिच्या वतीने, तिच्या पाठीमागे, बहुतेक वेळा तिच्याबद्दल खरंच आपुलकी असलेली माणसं देतात. आणि मग दहा वर्षांनी वरच्या मजल्यावर बायका कमी का दिसतात याच्यावर सेमिनार होतात.

त्या "पोटेन्शियल" शब्दाबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. बऱ्याच ऑफिसात नऊ चौकोनांची शीट असते, एका बाजूला परफॉर्मन्स, दुसऱ्या बाजूला पोटेन्शियल, आणि प्रत्येकाचं नाव एकेका चौकोनात टाकायचं. परफॉर्मन्स म्हणजे झालेलं काम, ते कमीजास्त का होईना मोजता येतं, टार्गेट आहे, डेडलाइन आहे, क्लायंट काय म्हणाला ते आहे. पोटेन्शियल म्हणजे अजून न झालेलं काम, ते मोजता येत नाही, तो माणूस त्या खुर्चीत कसा दिसेल हे मनात आणून बघावं लागतं, आणि मनात आपण तेच आणतो जे आधी डोळ्यांनी बघितलंय. आजवर त्या खुर्चीत ज्यांना बघितलं त्यांच्यासारखा दिसणारा, बोलणारा, मीटिंगमध्ये तसाच टेकून बसणारा माणूस "तयार" वाटतो.

ही माझी एकटीची तक्रार नाहीये. ॲलन बेन्सन, डॅनिएल ली आणि केली श्यू या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या एका मोठ्या रिटेल चेनच्या जवळपास ३०,००० कर्मचाऱ्यांची रेटिंग तपासली होती. परफॉर्मन्समध्ये बायकांचे मार्क सरासरी पुरुषांपेक्षा जास्त. पोटेन्शियलमध्ये मात्र ८.३ टक्के कमी. आणि प्रमोशन मिळायची शक्यता पुरुषांपेक्षा १४ टक्क्यांनी कमी. इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की बरं, मॅनेजरला काहीतरी दिसलं असेल म्हणून कमी दिलं असेल, पण त्यांनी पुढचंही बघितलं. ज्या बायकांना आणि पुरुषांना सारखंच पोटेन्शियल दिलेलं होतं त्यांच्यात पुढच्या काळात बायकांनी जास्त चांगलं काम केलं, म्हणजे अंदाज चुकला होता हे सिद्ध झालं, आणि तरी त्यानंतरच्या वेळी त्यांना पोटेन्शियल परत कमीच मिळालं. नोकरी सोडून जायचं प्रमाणसुद्धा बायकांचंच कमी होतं. म्हणजे "बायकांवर इन्व्हेस्ट केलं की त्या सोडून जातात" हे जे आपण चहाच्या मशीनपाशी हलक्या आवाजात बोलतो, त्याच्या बरोबर उलटं. चांगलं काम करा, टिकून राहा, अंदाज खोटा ठरवा, आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून सिद्ध करा. हे किती वर्षं कोण करेल?

तुमच्यातले काही जण म्हणतील की आमच्याकडे बोर्डावर दोन बायका आहेत, आमचा प्रॉब्लेम सुटला. बोर्डावर बायका असाव्यातच, मी त्याच्या बाजूने आहे. पण नॉर्वेने २००३ मध्ये मोठ्या कंपन्यांच्या बोर्डांवर ४० टक्के बायका हव्यात असा कायदा केला, २००८ पर्यंत तो पूर्ण लागू झाला, बोर्ड बदलले, आणि नंतर अर्थशास्त्रज्ञांनी तपासलं तेव्हा त्याच कंपन्यांमध्ये खाली काम करणाऱ्या बायकांना त्याचा फारसा फायदा झालेला दिसला नाही. वरून पाणी सोडलं की आपोआप खाली झिरपतं असं होत नाही, कारण गळती वर नाहीचे, ती पहिल्याच पायरीवर आहे. मॅकिन्झी ही सल्लागार कंपनी आणि लीनइन ही नोकरदार बायकांसाठी काम करणारी संस्था दरवर्षी अमेरिकेतल्या कंपन्यांचा रिपोर्ट काढतात, त्यात मॅनेजर म्हणून पहिलं प्रमोशन मिळालेल्या दर १०० पुरुषांमागे २०१८ मध्ये ७९ बायका होत्या आणि २०२४ मध्ये ८१. सहा वर्षांत दोन. मधल्या काळात केवढ्या पॉलिसी आल्या, केवढी पोस्टर लागली, किती वेळा आठ मार्चला गुलाबाची फुलं वाटली गेली. समजा पुढच्या प्रत्येक पायरीवर हाच हिशोब राहिला तर तीन पायऱ्या वर गेल्यावर १०० पुरुषांमागे त्रेपन्न बायका उरतात. एवढं साधं आहे ते. कोणी काही मोठा अन्याय करायची गरजच पडत नाही, प्रत्येक खोलीत चार मिनिटं पुरतात.

आता त्या खोलीत वापरले जाणारे शब्द. मी दोन वर्षं ऐकतेय म्हणून खात्रीने सांगते. मुलगा आवाज चढवून बोलला तर "पॅशनेट आहे", मुलगी बोलली तर "जरा ॲग्रेसिव्ह आहे, लोकांना खटकतं". मुलगा गप्प असला तर "शांत डोक्याचा आहे" आणि मुलगी गप्प असली तर "कॉन्फिडन्स कमी पडतो". मग तिने नेमकं किती डेसिबलमध्ये बोलायचं ते तरी एकदा लिहून द्या ना.

२०१४ मध्ये किरन स्नायडर या बाईंनी टेक कंपन्यांतले २४८ परफॉर्मन्स रिव्ह्यू गोळा करून वाचले. ज्यात काहीतरी टीका होती असे बायकांचे ९४ रिव्ह्यू होते आणि त्यातल्या ७१ मध्ये टीका कामाच्या जोडीने स्वभावावरही होती, आवाज कमी कर, दुसऱ्यांना बोलू दे, फार धारदार आहेस, अशा पद्धतीची. पुरुषांचे टीका असलेले रिव्ह्यू ८३, त्यात स्वभावावर बोट ठेवलेले फक्त दोन. दोन! मी हे वाचल्यावर माझ्या टीमचे मी स्वतः लिहिलेले जुने रिव्ह्यू उघडून बसले. एका मुलीला मी लिहिलं होतं "थोडं सॉफ्ट हो". मुलांपैकी एकालाही मी असं काही लिहिलेलं नव्हतं, आणि त्यातले दोघं तर खरोखर उद्धट होते.

ही काही आजची गोष्ट नाही. ॲन हॉपकिन्स नावाची बाई अमेरिकेत प्राइस वॉटरहाउस या मोठ्या अकाउंटिंग फर्ममध्ये होती. १९८२ मध्ये पार्टनरशिपसाठी ८८ नावं पुढे आली, त्यात बाई एकच, ही. तेव्हा फर्मचे ६६२ पार्टनर होते आणि त्यातल्या बायका सात. हिने सरकारी खात्याचं अडीच कोटी डॉलरचं काम फर्मला मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला होता. तरी तिचं नाव अडवलं. पार्टनर लोकांच्या लेखी अभिप्रायांत ती फार पुरुषी आहे, हिला बायकांसारखं वागायचा क्लास लावा, असलं लिहिलेलं होतं, आणि पार्टनर व्हायचं असेल तर जरा बायकी चाल, बायकी बोल, मेकअप कर, केस सेट कर, दागिने घाल असा सल्ला तिला तिच्याच बाजूने असलेल्या वरिष्ठाने दिला. लक्षात घ्या, तिच्या बाजूच्या माणसाने. तिचं भलं व्हावं म्हणून. ती कोर्टात गेली, खटला सुप्रीम कोर्टापर्यंत पोचला, १९८९ मध्ये कोर्टाने असल्या साच्यांवरून बाईचं काम जोखणं हा भेदभावच आहे असं मान्य केलं, आणि पुढे कोर्टाच्या आदेशाने ती त्याच फर्ममध्ये पार्टनर म्हणून परत रुजू झाली. मला त्या बाईच्या चिकाटीचं फार कौतुक वाटतं. ज्यांनी नाकारलं त्यांच्याच ऑफिसात रोज जाऊन बसायचं म्हणजे खायचं काम नाही.

अजून एक गोष्ट, जी कुठल्याच शीटवर येत नाही. मीटिंगचे मिनिट्स कोण लिहितं? नवीन माणूस आला की त्याला सगळं समजावून कोण सांगतं, निरोप समारंभाचं कार्ड कोण फिरवतं, दोघांचं भांडण झालं तर दोघांनाही बाजूला घेऊन कोण बोलतं, कुठलीतरी कमिटी असते जिचा रिपोर्ट कोणीच वाचत नाही, तिच्यात कोण असतं? तुमच्या टीमकडे बघा आणि मनातल्या मनात नावं मोजा. हे काम नसेल तर ऑफिस चार दिवसांत विस्कटेल, पण प्रमोशनच्या वेळी त्याला शून्य मार्क. लिंडा बॅबकॉक आणि तिच्या सहकारी संशोधकांनी यावर प्रयोग केले होते. तिघांचा गट, दोन मिनिटं वेळ, कोणीतरी एकाने बटण दाबायचं, जो दाबेल त्याला फायदा कमी आणि बाकीच्या दोघांना जास्त. मिश्र गटात बायकांनी पुरुषांपेक्षा ४८ टक्के जास्त वेळा बटण दाबलं. काम कोणाला सांगायचं हे ठरवायला एक माणूस ठेवला तर त्यानेही बायकांनाच ४४ टक्के जास्त वेळा सांगितलं, आणि सांगणारी बाई असली तरी हेच. पण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं, गटात नुसते पुरुष असले तेव्हा बटण तितक्याच वेळा दाबलं गेलं. म्हणजे पुरुषांना जमत नाही किंवा बायकांना आवडतं असं काहीही नाही. खोलीत बाई असली की सगळे तिच्याकडे बघतात आणि तिलाही सवयीने माहीत असतं की आपल्याकडेच बघतायत. म्हणून "बायकांनी नाही म्हणायला शिकलं पाहिजे" हा सल्ला कृपा करून बंद करा, तुम्ही विचारायची पद्धत बदला. पाळी लावा. सोपं आहे.

आता मूल. इथे मी जास्त वेळ घेणार आहे कारण सगळं शेवटी इथेच येऊन अडतं.

२००७ मध्ये शेली करेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच दर्जाचे दोन बायोडेटा, फरक एवढाच की एकात पालक-शिक्षक संघाच्या कामाचा उल्लेख, म्हणजे ही आई आहे हे कळावं. आई असलेल्या बाईला लोकांनी कमी कामसू आणि कमी हुशार ठरवलं आणि सुरुवातीचा पगार वर्षाला ११,००० डॉलर कमी सुचवला. खऱ्या कंपन्यांना अर्ज पाठवले तेव्हा मूल नसलेल्या बायकांना आयांपेक्षा दुपटीहून जास्त कॉल आले. आणि बाप असलेल्या पुरुषांचं काय झालं? काहीच नुकसान नाही, उलट ते जास्त जबाबदार वाटले. तेच मूल, तोच जन्म, एकाला बोनस आणि एकीला दंड.

डेन्मार्कचे आकडे तर मला आकड्यांपेक्षा चित्र म्हणून लक्षात राहिलेत. हेन्रिक क्लेव्हन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास आहे. मूल होण्याच्या आधीपर्यंत नवरा-बायकोच्या कमाईच्या दोन रेषा बरोबरीने चालतात, पहिलं मूल होतं, पुरुषाची रेषा जशी होती तशी पुढे जाते, बाईची धाडकन खाली येते आणि नंतर कधीच पूर्ण वर येत नाही, लांबच्या पल्ल्यात साधारण २० टक्क्यांचा फरक राहतो. हे डेन्मार्कमध्ये, जिथे पाळणाघरं आहेत, रजा आहे, सगळं आहे. म्हणून नुसती आईची रजा वाढवून हा प्रश्न सुटत नाही असं माझं मत आहे. रजा हवीच, पण फक्त आईलाच लांब रजा दिली की तुमच्या खोलीतल्या माणसाला "ही जाणार" असं वाटायला अजून एक कारण मिळतं. बापाला त्याची स्वतःची रजा द्या, जी बायकोच्या नावावर टाकता येत नाही आणि घेतली नाही तर वाया जाते. आइसलँडने २००० च्या कायद्याने तीन महिने खास वडिलांसाठी राखून ठेवले, आणि तिथले बहुतेक बाबा ती रजा घेतात. मुलगा असो की मुलगी, काही महिने गैरहजर राहणारच आहे असं एकदा दिसायला लागलं की "ही जाणार" या वाक्यातला दमच निघून जातो.

आणि हो, रजा कागदावर असून उपयोग नाही. आमच्याकडे एकाने पूर्ण रजा घेतली तर लोक त्याला विचारत होते की घरी काय करणार तू. तो मुलगा दुसऱ्या मुलाच्या वेळी चार दिवसांत परत आला. हे सुद्धा त्याच रोगाचं दुसरं टोक आहे आणि याचा त्रास पुरुषांनाही होतो हे मला दिसतं.

क्लॉडिया गोल्डिन यांना २०२३ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, हा पुरस्कार एकटीने मिळवणाऱ्या त्या पहिल्या बाई. त्यांचं म्हणणं मला माझ्या स्वतःच्या घरासारखं वाटतं. काही नोकऱ्या अधाशी असतात, रात्री दहाला फोन उचलणाऱ्याला, शनिवारी विमान पकडणाऱ्याला त्या तासांच्या हिशोबापेक्षा कितीतरी जास्त पैसे आणि प्रमोशन देतात. घरात मूल असलं की दोघांपैकी एकालाच अशी नोकरी करता येते, दुसऱ्याला मुलाला ताप आला तर लगेच निघता येईल अशी नोकरी धरावी लागते, आणि ते दुसरं कोण असतं ते सांगायला नको. यावर त्यांनी फार्मसिस्टचं उदाहरण दिलंय, अमेरिकेतलं. तिथे औषधांची नोंद कॉम्प्युटरवर असते, पेशंट एका फार्मसिस्टकडून दुसऱ्याकडे सहज सोपवता येतो, त्यामुळे कमी तास काम करणाऱ्याला तासामागे दंड बसत नाही आणि स्त्री-पुरुषांच्या पगारातली तफावतही फार कमी आहे. म्हणजे काम कसं रचलंय यावर आहे सगळं. आपण मात्र एकेक क्लायंट एकेका माणसाला असा बांधून ठेवतो की तो माणूस आजारी पडला तरी त्याचा फोन चालू पाहिजे, आणि याला कमिटमेंट म्हणतो. रात्री अकराला पाठवलेल्या किती मेल खरंच सकाळपर्यंत थांबल्या नसत्या? मी माझ्या मोजल्या. मागच्या महिन्यात एकही नाही.

"आम्ही फक्त मेरिट बघतो." हे वाक्य प्रत्येक मीटिंगमध्ये येतं. ठीक आहे, मग मेरिट आधी लिहा ना. नावं बघायच्या आधी, या रोलला काय लागतं ते चार ओळींत लिहून ठेवा आणि मग नावं उघडा. गेल्या महिन्यात आम्ही उलटं केलं, आधी नाव पसंत पडलं आणि मग त्याला शोभेल असं मेरिट शोधलं. दुसरं वाक्य, "बायका स्वतःच पुढे येत नाहीत." येत नाहीत काही जणी, खरंय. पण ज्या शर्यतीत दोनदा धावून दोन्ही वेळा निकाल आधीच लागलेला होता तिथे तिसऱ्यांदा धावायचं की नाही हा शहाण्या माणसाचा हिशोब असतो, त्याला कॉन्फिडन्सची कमी म्हणू नका.

आणि पगार लपवणं बंद करा. लिली लेडबेटर १९७९ पासून अमेरिकेतल्या एका टायरच्या कारखान्यात सुपरवायझर होत्या, जवळजवळ १९ वर्षं, आणि आपल्याला त्याच कामासाठी पुरुषांपेक्षा कमी मिळतंय हे त्यांना कोणीतरी निनावी चिठ्ठी टाकली तेव्हा कळलं. २००७ मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की तुम्ही तक्रार करायला उशीर केला. अहो पण जे माहीतच नव्हतं त्याची तक्रार वेळेत कशी करणार? २००९ मध्ये त्यांच्या नावाने कायदा झाला, पण गेलेली वर्षं आणि त्या पगारावर ठरलेली पेन्शन काही परत मिळाली नाही. प्रत्येक पोस्टचा पगार कुठून कुठपर्यंत आहे हे सगळ्यांना दिसू द्या. कोणाला चिठ्ठी टाकायची वेळ येऊ नये.

त्या मुलीचं पुढे काय झालं ते राहिलं. मीटिंगच्या दोन दिवसांनी मी तिला भेटले, आत काय झालं ते सांगू शकत नव्हते म्हणून सहज विचारल्यासारखं विचारलं, की फिरतीचा एखादा रोल आला तर तुला जमेल का. तिने एक सेकंदही घेतला नाही. म्हणाली, "कधीपासून?"

मी तिच्याकडे बघू शकले नाही. तोपर्यंत त्या मुलाच्या प्रमोशनची मेल सगळ्यांना गेली होती. तो चांगला मुलगा आहे, त्याचं यात काहीच चुकलेलं नाही, आणि त्याच्याकडून ती जागा काढून घ्या असं मी म्हणणार नाही.

दुसऱ्या दिवशी मी आमच्या एचआरला आणि माझ्या साहेबांना मेल लिहिली. त्यात तीन गोष्टी मागितल्यात आणि त्याच तुमच्याकडेही मागतेय. एक, कोणाचंही नाव "तिला जमणार नाही" म्हणून खाली ठेवायचं असेल तर आधी तिला विचारायचं, तोंडी नाही, मेलवर, आणि तिचं उत्तर त्या शीटमध्ये लावायचं. दुसरी, पोटेन्शियलच्या रकान्यात नुसता आकडा चालणार नाही, झालेल्या कामातलं एक उदाहरण लिहायचं, मुलगा असो की मुलगी, आणि उदाहरण नसेल तर रकाना रिकामा. तिसरी, दर वर्षी पहिल्या प्रमोशनला किती मुलगे आणि किती मुली पात्र होत्या आणि किती वर गेले हा आकडा सगळ्या ऑफिसला दाखवायचा, चांगला असो की वाईट. याला पैसे लागत नाहीत, नवीन सॉफ्टवेअर लागत नाही, कन्सल्टंट लागत नाही. लागतं ते हे की खोलीतल्या कोणीतरी एकाने चौथ्या मिनिटाला "एक मिनिट थांबा" म्हणायचं, आणि मला माहितीये की ते जड जातं, कारण मला ते जमलं नव्हतं.

पहिल्या मागणीला हो आलंय. दुसरीवर "चर्चा करू" असं उत्तर आलंय आणि तिसरीवर अजून काहीच आलेलं नाही. पुढची मीटिंग सहा महिन्यांनी आहे, त्या मुलीचं नाव पहिल्या पानावर आहे, आणि मेलवर तिला विचारायचं काम मी माझ्याकडे घेतलंय.

तुमच्याच टेबलावर बसणारी,
एक मॅनेजर